खलातली माय

आमच्या आईला माझ्या नोकरीचं नाव शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. कोणी विचारलं की ती सांगायची, "माही पोरगी किड्याच्या हापिसात हाय." मग विचारणाऱ्याचा चेहरा पाहून घाईघाईनं पुढे जोडायची, "सरकारी हाय."

कागदावर माझा विषय कीटकशास्त्र. बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर तो शब्द आला तेव्हा राईस मिलमध्ये हमाली करणाऱ्या माझ्या बाबांनी तो माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला होता. इंग्रजी नावाच्या मुळाशी 'कापलेलं' असा अर्थ आहे, असं आमचे सर सांगत. डोकं, छाती, पोट असे खंड पाडल्यासारखं ज्याचं अंग, तो कीटक. लोकांना एवढ्या खोलात जायचं नव्हतं. त्यांनी मला 'किडेवाली बाई' करून टाकलं. धानाला गादमाशी लागली, खाटेत ढेकूण झाले, कोणाला विंचू चावला, की माझ्याकडे. विंचवाला आठ पाय असतात, तो कीटकांत मोडत नाही, हे मी सुरुवातीला समजावून सांगायची. पण ज्याला चावला त्याला पाय मोजायची हौस नसते. एक गृहस्थ तर नागपूरला पडलेला आपला मुतखडा पुडीत बांधून घेऊन आले, तुमच्या दुर्बिणीत पाहा म्हणाले. मी पाहिला. खडाच होता.

मी नोकरी केली ती रेशीम खात्यात, भंडारा जिल्ह्यात, गोंदिया वेगळा झाला त्याच्या बऱ्याच आधीपासून. वाटणीत चांगला सूक्ष्मदर्शक तिकडे गेला असं आमच्याकडे म्हणत. तिकडचे लोक नेमकं उलटं म्हणत. जो आमच्या वाट्याला आला, त्याला डोळा लावून माझं निम्मं आयुष्य गेलं.

भंडाऱ्याचा कोसा लोकांना साडीच्या रूपात माहीत असतो. त्याच्या मागे काय असतं ते सांगते. कोशाची अळी घरात टोपलीत पाळत नाहीत. ती जंगलात ऐनाच्या झाडावर, आमच्याकडे त्याला येन म्हणतात, उघड्यावर चरते. महिना-सव्वा महिना पाला खाऊन ती स्वतःभोवती कोश विणते. त्यातून पुढे पतंग निघतो. मादी चांगली तळहाताएवढी, पिवळसर, चारही पंखांवर काचेसारखा एकेक गोल डोळा. पतंगाला तोंड असून नसल्यासारखं असतं. तो काही खात नाही, पीत नाही. नराशी जोडी लागली की मादीला मातीच्या वाटीत वेगळी ठेवायची. तीन दिवसांत ती अंडी घालते. त्यानंतर माझं काम सुरू व्हायचं.

अळीला पेब्रीन नावाचा एक रोग होतो. अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके येतात, अळी खाणं सोडते आणि फांदीला लटकून मरते. औषध नाही. हा रोग आईच्या पोटातून अंड्यांत येतो, आणि एका झाडावरून सगळ्या बनात पसरतो. म्हणून अंडी लोकांना वाटण्याआधी आई तपासायची. तपासायची म्हणजे खलात घालून बत्त्यानं कुटायची, थेंबभर पाणी टाकायचं, काचेवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. रोग असेल तर काळ्या पाटीवर तांदळाची कणी सांडावी तसे लांबट चमकते कण दिसतात. दिसले, की त्या मादीची अंडी जाळायची. नाही दिसले, तर अंडी पाळणाऱ्यांना द्यायची. दोन्ही बाजूंनी आई मेलेलीच असते.

बाबा रोज सकाळी पंचशील म्हणत. पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. मी नोकरीत काय करते हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रोगी बी बाजूले काढतेस ना? मंग कर. पण हासत-खेळत नोको करू." मी ते पाळलं. आमच्या तपासणीच्या खोलीत मी रेडिओ कधी लावू दिला नाही.

झिबलमामांची ओळख अशाच कामातून झाली. करडीच्या पुढे जंगलाला लागून त्यांचं गाव. जातीनं ढिवर. उन्हाळ्यात नदीवर मासे आणि पावसाळ्यात येनाच्या बनात कोसा, असं त्यांचं वर्ष. हडकुळा, उंच माणूस. अळ्या झाडावर असेपर्यंत दाढी करत नसत, अंगाला तेल लावत नसत, मासोळी आणि हळद खात नसत. बनाच्या कडेला राखेची एक रेघ असायची. पतंग काढणं, अंडी घेणं सगळं तिच्या आत, आणि तिथे बायकांनी जायचं नाही. त्यांची बायको सायत्राबाई रोज भाताचं भांडं रेघेवर ठेवून मागे फिरायची. मी गेले की मामा अळीसकट डहाळी तोडून रेघेपाशी आणून दाखवत. मला आत न नेणं बाई म्हणून होतं, की आमच्या वस्तीची म्हणून, हे मी विचारलं नाही. दोन्ही असावं. डहाळी मात्र ते माझ्या हातात ठेवत, खाली ठेवत नसत, हेही मी पाहून ठेवलं होतं.

त्यांच्याकडे घरचं बियाणं होतं. खात्यामार्फत बाहेरून येणाऱ्या अंड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यांच्या कोशाचं देठ आणि कवच हातात घेतलं की माझाही राहत नसे. आजा-पणज्यापासून दर हंगामाला चांगले कोश बाजूला काढत आणलेली ती जात होती. आमच्या उन्हापावसात ती तगायची. पण त्या बियाण्याची एकही मादी त्यांनी मला कधी तपासू दिली नाही. त्यांच्या घरी अंडी घालून झालेल्या मादीला माय म्हणत. ती आपल्या मरणानं मेली की तिला येनाच्या बुंध्याशी पुरत.

"मायले कुटून पोरं पोसाची, हे आमच्यात नाही, बाई," ते म्हणायचे. मी हट्ट केला नाही. त्यांच्या बनात रोग नव्हताच.

मग त्यांच्या मुलीचं लग्न झालं, नाकाडोंगरीकडच्या एका कोसा पाळणाऱ्या घरात. त्या दोन-चार गावांत अशी रीत होती की सोयरीक जुळली की दोन्ही घरांनी बियाण्याच्या कोशांची एकेक माळ एकमेकांना द्यायची आणि ती आपल्या बियाण्यात मिसळायची. नाती जुळतात तशी बियाणीही जुळावीत, एवढाच त्यात भाव. मामांनी सोयऱ्यांची माळ डोक्याला लावून घेतली आणि आपल्या कोशांत मिसळली.

पुढच्या पावसाळ्याचं पहिलं पीक फांद्यांना लटकून मेलं. मी गेले तेव्हा बनापाशी उभं राहवत नव्हतं, असा वास होता. रेघेपाशी मामांनी आणलेल्या डहाळीवर अळी नव्हती, अळीची पिशवी होती. ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

"सोयऱ्याची माळ तपासून घ्यायची होती, मामा," मी म्हटलं.

"सोयऱ्यानं देल्लेलं बियाणं तपासतेत काय, बाई? पोरगी देल्ली ना आपण त्यायले."

मी डहाळी त्यांच्या हातात परत दिली.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी मामा आमच्या बीजागारात आले. बीजागार म्हणजे जिथे पतंग काढतात आणि अंडी घेतात ती जागा. मागे सायत्राबाई, तिच्या डोक्यावर टोपली. टोपलीत मरणातून वाचलेल्या अळ्यांचे कोश होते, टोपलीचा तळ झाकेल एवढेच. त्यांच्या सगळ्या पिढ्यांचं बियाणं आता तेवढंच उरलं होतं. त्यातलं काही निरोगी असेल तर घर पुन्हा उभं राहणार होतं. नसेल, तर ती जात संपली.

"यातलं कोणतं चांगलं हाय ते पाहून द्या," मामा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मारल्याबिगर नाही पायता येत काय?"

मी सवयीनं नाही म्हणणार होते, पण तसं म्हणता येईना. पेब्रीनचे कण मेलेल्या, वाळलेल्या पतंगातही टिकून राहतात. मादी कुटूनच मेली पाहिजे असं शास्त्र म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी कुटतो ती आमची सोय. ती आपल्या मरणानं मेल्यावर तपासली तरी चालतं. अडचण एकच. अंडी आठ-नऊ दिवसांत फुटतात, आणि मादीचं आयुष्यही साधारण तेवढंच. मादी आधी मेली पाहिजे आणि अंडी नंतर फुटली पाहिजेत.

बीजागाराच्या साहेबांना विचारलं. ते नियमाचे पक्के होते, पण दुष्ट नव्हते. "इतका रोग असलेला लॉट मी तपासलाही नसता, सरळ जाळला असता," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणून थांबतो. पण अंडी फुटायच्या आत मला प्रत्येक मादीचं उत्तर पाहिजे. न तपासलेली एकही अळी या आवारातून बाहेर जाणार नाही." त्यांचं चुकत नव्हतं. एका घराच्या बियाण्यासाठी दहा गावांची बनं पणाला लावता येत नाहीत.

कोशांतून पतंग निघाले. जोड्या लागल्या त्या माद्या जेमतेम डझनभर. प्रत्येकीला वेगळी वाटी दिली. मामा बीजागाराच्या ओसरीवरच राहिले, दाढी वाढवून, हळदीशिवायचा भात खाऊन. सायत्राबाई डबा घेऊन आली की दारातच थांबायची.

"ही आत आली त चालते काय?" मामांनी मला विचारलं.

"हे ऑफिस आहे, मामा. इथं रेघ नाही."

ती आत आली, आणि वाट्यांपुढे फतकल मारून बसली. लग्न होऊन सासरी आल्यापासून जो कोसा तिच्या घरात पिकत होता, त्याची अंडी घालणारी मादी ती इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होती. "बाप्पा, केवढे डोरे हायेत इचे," एवढंच म्हणाली.

तिसरा दिवस उलटला आणि माझ्या लक्षात आलं, की यापुढचं मीही कधी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं पतंगांत काढली, हजारो माद्या हाताखालून गेल्या, पण म्हातारी झालेली मादी मला माहीत नव्हती. अंडी घालून झाल्यावर तिचं पोट रिकामं होऊन आत जातं. पंखांवरची भुकटी झडते, कडा फाटतात. वाटीच्या भिंतीला आपटत ती फिरते, मग थांबते, मग फक्त मिशा हलवते. रोजच्या कामात माझ्या टेबलावर जे अंडी देणारं यंत्र होतं, त्याला म्हातारपणही असतं हे मला त्या आठवड्यात कळलं. मला त्याचं वाईट वाटलं. पुस्तकात वाचलेलं असूनही वाटलं.

एकेक मादी मरू लागली. मेली, की मी ती खलात घ्यायची. पहिलीच्या काचेवर कणी सांडलेली होती. दुसरीच्याही. मामा ओसरीवरून माझ्या तोंडाकडे पाहत. मी मान हलवली की ते उठून ती वाटी घेत, मागच्या अंगणातल्या घमेल्यात अंडी ओतत आणि काडी लावत. ते काम त्यांनी शिपायाला करू दिलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी चपटी अंडी तडतडत जळायची. दिवसागणिक वाट्या कमी होत गेल्या. प्रत्येक काच रोगी निघत होती.

शेवटी एक वाटी उरली. तिच्यातली मादी मरेना.

अंडी फुटायला आली की त्यांचा रंग पालटतो, ती काळपट दिसू लागतात. त्या वाटीतली अंडी दुपारी काळपटली. म्हणजे उद्या उजाडता उजाडता अळ्या बाहेर. साहेब येऊन पाहून गेले. "संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले. "नाहीतर वाटी घमेल्यात." मादी पंखांच्या चिंध्या घेऊन वाटीच्या काठावर बसली होती. बोट लावलं की सरकत होती.

ती का मरत नाही, याचा अंदाज मला आला होता. रोगी मादी लवकर मरते. बाकीच्या गेल्या त्या रोगानं गेल्या. ही टिकली ती बहुधा निरोगी म्हणूनच. ज्या कारणासाठी तिला जगू द्यावं, तेच कारण सिद्ध करण्यासाठी तिला मारावं लागणार होतं. आणि 'बहुधा' या शब्दावर कोणाच्या बनात अळ्या सोडता येत नाहीत.

मी हे सगळं मामांना सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. "मंग करा तुमचं काम," ते म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

मी खल पुढे ओढला. मादीला उचलायला हात पुढे केला आणि तो वाटीवरच थांबला. हे सांगताना मला लाज वाटत नाही. ज्या हातानं मी दिवसाला शंभर माद्या खलात टाकल्या, तो हात त्या एकीला उचलेना. तिला मी म्हातारी होताना पाहिलं होतं.

"व्हा बाजूले," सायत्राबाई म्हणाली.

मामा वळले. "तू कायले?"

"कायले म्हणजे? सारा जलम मले त्या बनात पाय ठेवू नाही देल्ला. हात त माहे मोकळे हायेत ना?" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात म्हणाली, "बाई, मी पाच पोरं जन्मले घातले. तुमच्या दोघायपेक्षा इची गोठ मले जास्त समजते. हे तं थांबून राहिली पोरायसाठी. इले कोणीतरी जा म्हणाले पायजे."

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. मादीला ओंजळीत उचललं, फाटके पंख अंगाशी मिटवले. "जाय माय," ती म्हणाली. खलात ठेवलं आणि बत्ता एकदाच, जोरानं दाबला. पुढचं कुटणं मी केलं. आता हात चालला.

काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला. काच सरकवत सगळी पाहिली. विश्वास बसेना म्हणून दुसरी काच केली. साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि मान हलवली.

"काय हाय?" मामांनी विचारलं. त्यांचा हात वाटी उचलायला आधीच पुढे झाला होता.

"काहीच नाही, मामा."

"काहीच नाही म्हंजे?"

"काहीच नाही म्हणजे चांगलं. वाटी घमेल्यात नका नेऊ. घरी न्या."

मामा रडले. सायत्राबाई रडली नाही. तिनं खलाकडे बोट दाखवलं. "ते मले द्या," म्हणाली. खलात उरलं होतं ते तिनं पळसाच्या पानात निपटून घेतलं, पुडी केली आणि कनवटीला लावावी तशी जपून धरली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बनापाशी गेले. अळ्या फुटल्या होत्या, मुंगीएवढ्या. मामांनी पानांचा द्रोण करून त्यात त्या घेतल्या होत्या. रेघेपाशी ते थांबले आणि बायकोला म्हणाले, "चाल आत."

"मी नाही येत," सायत्राबाई म्हणाली. "इतकी वर्सं बाहेर उभी राहिली, आता आत काय पायाचं हाय? बाईले ने. त्यायच्यानं वाचलं हे बियाणं."

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग बाजूला सरकले. मी चप्पल काढली आणि रेघ ओलांडली. सगळ्यात मोठ्या येनाच्या बुंध्याशी त्यांनी ती पळसाची पुडी पुरली, आणि त्याच झाडाच्या फांदीला द्रोण बांधला. बांधताना दोरीचं एक टोक मला धरायला दिलं.

त्या एका वाटीतून बियाणं पुन्हा वाढलं. दोन-तीन हंगामांत सोयऱ्यांच्या घरीही गेलं. माळा देण्याची रीत मोडली नाही, मोडावी असं मला वाटलंही नाही. फक्त लग्न ठरलं की लोक एखाद-दुसरा कोश माझ्याकडे फोडून बघायला आणू लागले. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनंतर दुसरा मान माझा, असं साहेब चिडवत. आज त्या गावांतली पोरं वीटभट्ट्यांवर आणि नागपूरच्या बांधकामांवर जातात. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यानं उठलेल्या एका गावचे काही जण ते बियाणं नव्या वस्तीत घेऊन गेले, पण तिथे जवळपास येनच नव्हते. बियाणं वाचवलं, झाडं मला वाचवता आली नाहीत. मामा आणि सायत्राबाई दोघंही आता नाहीत.

माझं म्हणाल, तर त्या अळ्या झाडावर चढल्या त्याच दुपारी बीजागारात दुसऱ्या लॉटच्या माद्यांचा तिसरा दिवस होता. मी खल ओढला आणि कामाला लागले. प्रत्येकीच्या मरणाची वाट पाहत बसणं शक्य नव्हतं. हजारोंनी माद्या असायच्या आणि गावं अंड्यांची वाट पाहत असायची. बदललं ते एवढंच, की रोगी निघालेल्या मादीचा खल मी ब्लीचिंग पावडरनं धुवायची, पण निरोगी निघालेल्या माद्यांचा खल नळाखाली धुणं सोडलं. आमच्या मागच्या अंगणात एक येन होता. खल तिथे न्यायची, चप्पल काढून बुंध्याशी धुवायची. कारण कोणाला सांगितलं नाही. सरकारी नोकरीत कारण सांगितलं, की त्यावर टिपणी मागतात.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी परवा जुन्या ऑफिसात सहज गेले होते. माझ्या जागेवर आता नागपूरची एक मुलगी आहे, हुशार, चटपटीत. कानात गाणी लावून काम करत होती. गप्पा मारता मारता तिनं काच पाहिली, कागदावर खूण केली, कानातलं काढून टेबलावर ठेवलं आणि खल घेऊन मागच्या दारानं बाहेर निघाली. मी मागोमाग गेले. येनापाशी तिनं चप्पल काढली.

"नळ तर आतच आहे," मी म्हटलं.

"निरोगी माद्यांचा खल इथेच धुतात ना, मॅडम? पद्धतच आहे तशी."

"कोणी सांगितली?"

"काय माहीत. आधीपासून आहे."

"हो," मी म्हटलं. "आहे."

तिनं बुंध्याशी पाणी ओतलं, आणि ते मुरेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो.